पत्ता स्वतःचा हवा

भाड्याच्या घराच्या दारावर कुणी दगडात नाव कोरून घेत नाही. मात्र समाजकार्याचा मोठा वारसा सांगणाऱ्या अनेक संस्थांचा ई-मेलचा पत्ता आजही परकीय कंपनीच्या नावानेच संपतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी. तेथे जमलेला गोतावळा मालकाच्या एका निर्णयासरशी विखुरला.

स्वतःचे डोमेन नाव असले की ही परवशता पुष्कळ कमी होते. ई-मेल कोणत्या सर्व्हरवर उतरावी, याची नोंद डोमेनधारकाच्या हाती असते. सेवा देणारी कंपनी बदलली, तरी पत्ता बदलत नाही. लेखनाची प्रत जवळ असेल, तर तेही त्याच नावाखाली दुसरीकडे मांडता येते. ‘.इन’ २००५ पासून सर्वांना खुले आहे, देवनागरीतील ‘.भारत’ २०१४ पासून.

अर्थात डोमेनही कायमचे मिळत नाही. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावेच लागते. नोंदणीही एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या किंवा संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नावे न राहता संस्थेच्याच नावे असावी. स्वदेशीचा आग्रह साबण-टूथपेस्टपुरता राहू नये. आपल्या नावावर आपलीच मालकी असणे, हाही स्वावलंबनाचाच धडा होय.