वर्गणीदाराचा हक्क

राज्याची सीमा ओलांडून येणाऱ्या आवाजाचे मोल पांढुर्णा-सौंसरच्या आम्हां मराठी भाषिकांस कोणी सांगावयास नको. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तरी नागपूर आकाशवाणीला ती सीमा आडवी आली नाही. उपग्रह रेडिओ तर देशोदेशींच्या सीमा ओलांडणारा! परंतु त्यासाठी वर्गणी भरावी लागते. आणि कंपनीचा धनी बदलला की वर्गणीदाराचे काय, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत सिरियस व एक्सएम या कंपन्या जुलै २००८ मध्ये एक झाल्या. तीन वर्षे मूळ वर्गणी वाढवू नये, अशी अट तेथील दळणवळण आयोगाने घातली. अटीची मुदत संपली आणि २०१२ च्या आरंभी मासिक वर्गणी १२.९५ डॉलरवरून १४.४९ डॉलरवर गेली. तेथे दुसरी उपग्रह रेडिओ कंपनीच न उरल्याने असंतुष्ट श्रोत्याने जावे कोठे?

भारतात वर्ल्डस्पेसच्या श्रोत्यांची गत याहून वाईट झाली. अमेरिकेतील मूळ कंपनीचे दिवाळे निघाले. खरेदीदाराने भारतातील व्यवसाय घेतला नाही. ३१ डिसेंबर २००९ रोजी ‘गंधर्व’ वाहिनीवरील शास्त्रीय संगीतासह सारे आवाज थांबले. पदरचे पैसे मोडून घेतलेले यंत्र घरातच राहिले, पण मुके!

कंपन्या एक होतील, बुडतीलही. ज्याच्या वर्गणीवर हा व्यवहार चालतो, त्या श्रोत्यास मात्र वाऱ्यावर सोडू नये. विलीनीकरणास संमती देतानाच वर्गणी, वाहिन्या आणि आगाऊ पैशांची परतफेड यांविषयी शासनाने लेखी हमी घ्यावी, असे आम्हांस वाटते. ऐकणाऱ्यालाही बोलण्याचा हक्क आहे!