फवारणीच्या आधी ॲट्रोपीन मोजा



कपाशीवर मारायच्या विषाला आपण सारे 'औषध' म्हणतो. ते अंगात भिनले तर जीव वाचवणारे खरे औषध कोणते आणि आपल्या आरोग्य केंद्रात ते आहे किती, हे मात्र कोणी विचारत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. हातमोजे आणि मास्क हवेतच. पण ते कमी पडले तर पुढे काय, हा आमचा प्रश्न आहे.

आधी विषाची चाल समजून घेऊ. हृदयाचे ठोके, लाळ, घाम, आतड्यांची हालचाल, डोळ्यातली बाहुली ही कामे आपल्या हुकमाशिवाय चालतात. ती चालवणाऱ्या यंत्रणेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिचा एक निरोप्या म्हणजे ॲसिटिलकोलीन. निरोप पोचला की कोलिनएस्टरेज नावाचे विकर त्याला मोडून टाकते. म्हणजे मोटार सुरूही होते आणि वेळेवर बंदही होते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट विषे ही बंद करायची कळच जाम करतात. मग लाळ गळते, घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि छातीत पाणी भरून माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. ज्वारीच्या खोडकिडीसाठी वापरतात त्या कार्बोफ्युरानची, म्हणजे कार्बामेट जातीची, चालही अशीच. फक्त त्याची पकड लवकर सुटते.

ॲट्रोपीन मोडलेली कळ दुरुस्त करत नाही. ते निरोप घेणारी जागा अडवते, म्हणून छाती कोरडी होते आणि नाडी सुधारते. पण एका सुईने भागत नाही. गंभीर रुग्णाला सुरुवातीला ३ मिलिग्रॅमपर्यंत शिरेतून देतात. आपल्याकडची कुपी असते ०.६ मिलिग्रॅमची. म्हणजे पाच कुप्या. पाच मिनिटांत फरक दिसला नाही तर दुप्पट, दहा कुप्या. पुन्हा नाही दिसला तर वीस. पहिल्या दहा मिनिटांतच ३५ कुप्या! मग उतार टिकावा म्हणून तासातासाला सलाइनमधून वेगळे. ज्या केंद्राच्या कपाटात दहाच कुप्या आहेत, तिथे विषबाधेच्या उपचाराची सोय आहे असे म्हणणे ही थट्टा आहे.

इथे खरी राखण सिस्टरची. दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, नाडी, रक्तदाब, काखेतला घाम, बाहुली बघायची आणि कागदावर लिहायचे. छातीतली घरघर थांबणे ही मुख्य खूण. बाहुली मोठी झाली एवढ्यावर औषध थांबवायचे नसते. उलट औषध जास्त झाले तर ताप चढतो, लघवी अडते, रुग्ण बरळतो, हवेत हात मारतो. नातेवाइकांना वाटते बाहेरची बाधा झाली. तसे काही नाही. सिस्टरला लगेच सांगा, औषधाचा वेग कमी करता येतो. ॲट्रोपीन धोतऱ्यातही असते, म्हणून कोणी बांधावरचा धोतरा उगाळून पाजू नये. त्यात मात्रा मोजता येत नाही, एका विषावर दुसरे विष पडते.

प्रालिडॉक्झिम, म्हणजे 'पॅम', हे जाम झालेली कळ सोडवण्यासाठी देतात. पण उशीर झाला तर कळ कायमची अडकते. शिवाय ॲट्रोपीन स्नायूंचा अशक्तपणा घालवत नाही. रुग्ण सावरल्यासारखा वाटतो आणि एक ते चार दिवसांत मान उचलत नाही, श्वास थकतो. म्हणून 'आता बरा आहे' म्हणून घरी नेऊ नका.

आपल्याकडून काय व्हावे? कपडे उतरवा, साबण-पाण्याने केसांपासून नखांपर्यंत धुवा, धुणाऱ्यानेही हात जपावेत. उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका, कुशीवर निजवून न्या. आणि बाटली सोबत न्या! पायरेथ्रॉइड किंवा डायफेन्थियुरॉनवर ॲट्रोपीन हा उतारा नव्हे. बाटलीसोबतच्या पत्रकात विषाची लक्षणे आणि उतारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ते पत्रक डॉक्टरांच्या हातात पडले पाहिजे.

केंद्राने २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला, हे चांगले झाले. पण त्याची भावंडे दुकानात आहेतच. म्हणून प्रत्येक ग्रामसभेत ठराव करा: फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या ॲट्रोपीनच्या कुप्या मोजून आकडा फलकावर लिहावा, सिस्टरांना या उपचाराचे प्रशिक्षण मिळावे आणि रात्रपाळीला माणूस असावा, ग्रामीण रुग्णालयात कोलिनएस्टरेजची तपासणी व्हावी, कृत्रिम श्वासाचे यंत्र कोणत्या रुग्णालयात आहे ते आधीच ठरलेले असावे.

बियाणे, खत, डिझेल यांचा हिशेब आपण पेरणीआधी करतो. त्या हिशेबात यंदा एक ओळ वाढवा. आपल्या केंद्रात कुप्या किती, हा आकडा लिहून पुढच्या जिल्हा बैठकीला या. तो आकडा घेऊनच आम्ही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसमोर बसणार आहोत.