फाटकाची किल्ली

सत्काराची शाल अंगावर असतानाच माणसाने भांडण उकरून काढू नये, असा शिष्टसंकेत आहे. मी तो मोडणार आहे. गेल्या महिन्यात आमच्या लेआउटमधील मंडळींनी आम्हां सात-आठ जणांना शाल-श्रीफळ दिले, बागेसाठी आम्ही केलेल्या श्रमांची तोंड भरून स्तुती केली, आणि टाळ्या विरतात न विरतात तोच ठराव मांडला की, बागेच्या फाटकाला आता कुलूप घालावे. वर्गणी भरणाऱ्या घरांना किल्ल्या द्याव्यात आणि इतरांना मज्जाव करावा. ठराव मांडणारे कोणी परके नव्हते. ऐन नवतप्यात माझ्या बरोबरीने बादल्या वाहणारे माझेच सोबती होते. परक्यांचे असते तर मी त्या ठरावाकडे दुर्लक्ष केले असते.

बेसा हे नागपूरच्या दक्षिणेचे मूळचे शेतीचे गाव. शेतांचे लेआउट पडले, ग्रामपंचायत जाऊन बेसा-पिपळा नगरपंचायत आली, आणि जेथे औत फिरत होते तेथे आमच्यासारख्यांची घरे उभी राहिली. लेआउटच्या नकाशावर एक हिरवा चौकोन रंगविलेला असतो. प्लॉट विकणारा त्यावर बोट ठेवून ‘येथे बगीचा’ म्हणतो आणि भाव वाढवितो. आमच्या वाट्याला आलेल्या चौकोनात बांधकामाचा मलबा होता, गाजरगवत होते, बेशरमाची झुडपे होती आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्याचे डबके होते. त्याची बाग झाली ती सात-आठ माणसांच्या हट्टामुळे, हे मी नाकारीत नाही.

झाड लावणे हा समारंभ आहे. ते जगविणे ही मजुरी आहे. 1950 साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै हा आपल्याकडे खड्ड्यांचा आणि छायाचित्रांचा महिना होऊन बसला. 2019 च्या पावसाळ्यात तर राज्य सरकारने 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. जुलैत पाणी आभाळ घालते. प्रश्न असतो तो मे महिन्याचा. पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, काळी जमीन भेगाळते, आणि त्या भेगा कोवळी मुळे तटातट तोडीत जातात. अशा दिवसांत आमच्यापैकी कोणी पहाटे पाचला बोअरवेलचा पाइप ओढीत असे, तर कोणी घरच्या कूलरच्या टाकीतले शिळे पाणी बादल्यांनी आणीत असे. (त्या पाण्यात क्षार साचतात, ते नित्य एकाच झाडाला घालू नये, हे शहाणपण आम्हांला दोन मोगरे गमावल्यावर आले.) तेव्हा, ज्याने हे केले त्याला ‘ही बाग माझी’ असे वाटू लागते, यात नवल नाही. मलाही वाटते. करंजाच्या डहाळीला कोणा पोराने लोंबकळलेले पाहिले की माझ्या पोटात कालवते. परंतु आईला आपले मूल प्रिय असते म्हणून तिने त्याला कपाटात कोंडून ठेवावे काय?

कुलपासाठी जे कारण पुढे केले गेले, ते फुलांच्या चोरीचे. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. गणपतीच्या दिवसांत आम्ही दोघे जण पहाटे साडेचारला पाळतीवर बसलो. जास्वंदीचे चोर आले. त्यांच्या हातात पितळी परडी होती, अंगावर धूतवस्त्र होते, मुखी स्तोत्र होते, आणि त्यांतील दोघांची नावे वर्गणीच्या यादीत अगदी वर आहेत! आम्ही दोघेही मुकाट्याने घरी परतलो. कारण पारिजातकाचा सडा माझ्याही घरच्या देवाला जातो. खाली पडलेले फूल उचलले तर ती चोरी नव्हे, अशी आमच्या घरात एक सोयीस्कर समजूत आहे. आता कुलूप लागले म्हणजे या सर्व भाविक चोरांपाशी किल्ल्या असणारच. मग हे कुलूप कोणासाठी?

सभेत ते कोणी उघड बोलले नाही. ‘बाहेरची माणसे’ एवढाच मोघम शब्द वापरला गेला. ही बाहेरची माणसे कोण, ते मी सांगतो. चार घरची धुणीभांडी उरकून दुपारी दोनला करंजाखाली डबा उघडणाऱ्या बाया. छत्तीसगडमधून, मध्य प्रदेशातून येऊन आमचीच घरे बांधणाऱ्या मजुरांची पोरे. आमच्या दारी सामान पोचविणारा आणि कडुनिंबाच्या सावलीत घटकाभर टेकणारा तरुण. यांच्या हातांवाचून आमचा एक दिवस जात नाही. पण त्यांची पाठ आमच्या बाकड्याला लागली की बाग ‘खराब’ होते!

गेल्या उन्हाळ्यात मी आठ दिवस तापाने अंथरुणावर होतो. माझ्या पाळीची रोपे वाळून गेली असतील अशा समजुतीने नवव्या दिवशी बागेत गेलो, तर आळी ओली. समोरच्या अर्धवट बांधकामावरील चौकीदाराची बायको कोणी न सांगता रोज दोन गुंड पाणी घालीत होती. सत्काराच्या यादीत तिचे नाव नव्हते. यादी करणाऱ्यांत मीही होतो आणि मलाही ते सुचले नाही. ठरावाप्रमाणे तिला किल्ली मिळणार नाही, कारण ती वर्गणी भरत नाही.

यावर आमच्यातले एक वकील मित्र म्हणाले, “गुरुजी, भावनेचे सोडा. मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती तिथल्याच लोकांसाठी. साऱ्या नागपूरसाठी नव्हे.” मुद्दा बिनतोड वाटतो खरा. परंतु नियमाचा रोख आहे तो रहिवाशांच्या सामाईक उपयोगावर. त्यात वर्गणीदार हा शब्द नाही. खोली भाड्याने घेऊन राहणारे विद्यार्थी रहिवासी नव्हेत काय? येथेच निजणारा-उठणारा चौकीदार कोण?

राखणदाराचा मालक कसा होतो, ते मुंबईकरांनी पाहिलेले आहे. तेथे मोकळ्या जागा देखभालीसाठी म्हणून दिल्या गेल्या आणि त्यांतील काहींवर सभासदांपुरते क्लब उभे राहिले. म्हणून तर 2016 च्या जानेवारीत महापालिकेने अशा जागा दत्तक देण्याचे धोरण पुन्हा मंजूर केले, तेव्हा नागरिक खवळून उठले आणि मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. याउलट न्यूयॉर्कचे उदाहरण घ्या. लिझ क्रिस्टी नावाच्या बाईने आणि तिच्या सोबत्यांनी 1973 साली तेथल्या एका उकिरड्याची बाग केली, आणि तिच्यामागून शहरभर अशा बागा झाल्या. 1999 मध्ये महापौरांनी त्यांतील शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि अखेर धर्मादाय संस्थांनी त्या विकत घेऊन वाचविल्या. त्या शहरात नगराच्या मालकीच्या जमिनीवर बाग करणाऱ्या स्वयंसेवकांना अट असते, की हंगामात आठवड्याचे ठराविक तास फाटक सर्वांसाठी उघडे ठेवावे. पाणी कोणीही घालो, जमीन सर्वांची आहे, हे तेथे कागदावर लिहून घेतात.

माझ्या सोबत्यांची एक तक्रार मात्र मला मान्य आहे. रात्री तेथे बाटल्या सापडतात, एक बाकडे मोडलेलेही आहे. तर मग रात्री दहा ते पहाटे पाच फाटक बंद ठेवा, एक चांगला दिवा लावा. माझी ना नाही. पण दुपारी दोनला, ऊन माथ्यावर असताना, सावलीला कुलूप घालणे हा दुष्टपणा आहे. मग तो आम्ही सुशिक्षितांनी सर्वानुमते केलेला का असेना.

खजिनदार या नात्याने कुलूप आणावयाचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी दिलेले पैसे तसेच पाकिटात आहेत. भाऊबीजेनंतरच्या रविवारी पुन्हा सभा आहे. ती घरात न घेता करंजाखाली, दुपारी दोनला घ्यावी, असे पत्र मी दिले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही. चौकीदाराच्या बायकोला निरोप मी स्वतः जाऊन दिला. ती म्हणाली, “गुरुजी, दोनला तर मी तिथेच असते.”