रिंकवर आधी कोण?

ठाण्यापासून कल्याणपर्यंत बर्फ दिसतो तो मासळी बाजारात आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. तरीही आपल्याकडची मुलं फिगर स्केटिंग शिकतात. चाकांवर. घोडबंदर रोडच्या टॉवरांचे पोडियम, डोंबिवलीतल्या शाळांची पटांगणं, क्लब हाउसमागचं बास्केटबॉलचं कोर्ट, जिथे गुळगुळीत जमीन मिळेल तिथे खडूने वर्तुळं आखायची आणि पुढे दोन, मागे दोन चाकांचे क्वाड घालून त्या रेषेवरून एका पायावर जायचं. याला आर्टिस्टिक स्केटिंग म्हणतात. गंमत म्हणजे ज्या आकृत्यांवरून ‘फिगर स्केटिंग’ हे नाव पडलं, त्या बर्फावरच्या जागतिक स्पर्धांतून १९९० नंतर हद्दपार झाल्या. चाकांवर मात्र अजून टिकून आहेत. आपल्याकडे हा खेळ नुसता सुट्टीतला विरंगुळाही नाही. २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुप कुमार यामाने त्यात एकेरीचं कांस्यपदक मिळवलं, अवनी पांचाळबरोबर जोडीचंही.

माझी भाची डोंबिवलीत जिथे शिकते तिथे कोर्ट एकच आणि पंथ दोन. कडेने गोल फिरणारी स्पीडवाली मुलं आणि मधल्या भागात गिरक्या घेणारी आर्टिस्टिकवाली. स्पीडवाल्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतंच, त्याशिवाय त्यांना शर्यतीत उभं करत नाहीत. आर्टिस्टिकच्या स्पर्धेत मात्र मुलगी उतरते ती चमकीच्या पोशाखात आणि बांधलेल्या केसांत. हेल्मेट नाही, गुडघ्याला गार्ड नाही. म्हणजे तिची हाडं शाबूत राहतात ती थोडी तिच्या कौशल्यावर आणि बरीचशी भोवतालच्या मुलांच्या वागण्यावर. स्केटिंग क्लबातल्या शिस्तीकडे ‘मुलांना जरा वळण लागतं’ एवढ्याच नजरेने पाहणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं.

गर्दीचे अलिखित नियम आपल्याला कोणी शिकवायला नकोत. डोंबिवलीला उतरायचं असेल तर कधी उठायचं, दारात कोणत्या बाजूला उभं राहायचं, पुढच्याला ‘डोंबिवली का?’ असं विचारून आपली जागा कशी धरायची, हे लोकलने जाणाऱ्याला पाठ असतं. फक्त लोकलमधला कायदा शेवटी जोर असणाऱ्याच्या बाजूने झुकतो. चांगल्या रिंकवर तो बरोबर उलटा झुकतो. जो थांबू शकत नाही, जो पाहू शकत नाही किंवा जो नुकताच उभा राहायला शिकलाय, आधी तो. सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात जुना मुलगा या रांगेत सगळ्यात शेवटी.

हे नुसतं सौजन्य नाही, त्यामागे खेळाचं गणित आहे. आर्टिस्टिकमधल्या मोठ्या उड्यांपैकी पुढे तोंड करून घेतली जाते ती फक्त ॲक्सेल. बाकीच्यांची सुरुवात उलट्या दिशेने जाताना होते, आणि उतरणं तर सगळ्यांचंच पाठमोरं. उडीच्या आधी मुलगी एकदा खांद्यावरून मागे बघते. त्यानंतरचे दोन-तीन सेकंद ती जवळपास आंधळी असते. त्या क्षणी तिच्या वाटेत बुटाची नाडी बांधायला कोणी बसलं तर चूक कोणाची, यावर वाद घालायला नंतर भरपूर वेळ मिळतो, हॉस्पिटलच्या बाकावर.

म्हणून जगभरच्या क्लबांत काही गोष्टी ठरलेल्या आहेत. सर्वसाधारण फिरणं घड्याळाच्या उलट दिशेने. ज्याचं गाणं लागलंय त्याला पहिला मान, कारण तो पूर्ण प्रोग्रॅम करतोय आणि मध्ये थांबला तर सगळं फुकट. परदेशातल्या अनेक क्लबांत अशा मुलाच्या कमरेला रंगीत पट्टा बांधतात, म्हणजे लांबूनही कळावं. त्याच्यानंतर सरांकडून शिकत असलेला. स्पिन करायचा तर मध्यभागी, गप्पा मारायच्या तर रिंकच्या बाहेर. आणि पडलं की झटकन उठायचं. दुखलं असेल तर हात वर करायचा. बाकीच्यांनी भोवती कोंडाळं न करता वळसा घालायचा आणि एकानेच जवळ थांबायचं. पडताना बोटं पसरायची नाहीत, मुठी मिटायच्या, कारण मागून येणाऱ्याच्या चाकांना बोटं दिसत नाहीत.

पडणं हासुद्धा शिकवायचा विषय आहे. घाबरलेलं मूल हात पुढे टेकतं आणि सगळा भार मनगटावर येतो. चाकांवरच्या खेळात सर्वाधिक मोडतं ते मनगटच. अमेरिकेत १९९६ साली इनलाइन स्केटिंगच्या जखमींवर झालेल्या एका अभ्यासात मनगटाला गार्ड न बांधणाऱ्यांना तिथे दुखापत होण्याची शक्यता सुमारे दहापट दिसली होती. आपल्याकडच्या किटमध्ये मात्र सगळ्यात आधी हरवतात ते हातांचेच गार्ड, कारण ते घालून मोबाइल धरता येत नाही आणि वेफर्सही खाता येत नाहीत. पहिल्या आठवड्यात गुडघे वाकवून कुशीवर पडायला शिकवणारे सर पालकांना वेळकाढू वाटतात. ‘अहो सर, उभं राहायला कधी शिकवणार?’ असं एका बाबांनी विचारलेलं मी ऐकलं आहे. सर शांतपणे म्हणाले, ‘पडायची भीती गेली की.’

आता त्या बाबांकडे, म्हणजे आपल्या सगळ्यांकडे वळायला हवं. स्केट्स न घालता रिंकचे नियम मोडणारे आपणच. मुलाला पाण्याची बाटली द्यायला आई चपला घालून सरळ कोर्टावर जाते आणि तळव्याला चिकटलेली खडी तिथे सोडून येते. चाकाखाली आलेला हरभऱ्याएवढा खडाही चाक जागीच अडवतो आणि मूल तोंडावर आपटतं. पावसाळ्यात फरशी ओली दिसत असतानाही ‘फी भरली आहे’ म्हणून क्लास घ्यायला लावणारेही आपणच. युरेथेनचं चाक ओल्या जमिनीवर पकड सोडतं आणि बेअरिंग गंजतात ते वेगळं. कट्ट्यावरून ‘पाय उचल, पाय उचल’ असं ओरडलं की मूल सरांकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघतं, आणि रिंकवर नजर हटणं सगळ्यात महाग. दुसऱ्याच्या मुलीचं पडणं मोबाइलवर टिपून ग्रुपवर टाकणं यावर तर बोलायचीही लाज वाटते. तिच्या आईला विचारलं का? त्याहून महत्त्वाचं, तिला विचारलं का?

मोठ्यांची ही घाई मुलांत झिरपते, आणि घाई किती महागात पडते, हे २ ऑक्टोबर २०२३ला हांगझोऊला दिसलं. आशियाई स्पर्धेतली पुरुषांची ३००० मीटर रोलर रिले. शेवटच्या रेषेजवळ कोरियाच्या जुंग चोल-वॉनने जिंकल्याच्या आनंदात दोन्ही हात वर केले. तैवानच्या हुआंग यु-लिनने त्या क्षणी फक्त एक पाय पुढे ताणला. फरक पडला ०.०१ सेकंदाचा, आणि सोनं तैवानला गेलं. कोरियाच्या काही खेळाडूंना सोन्याबरोबर सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली असती, तीही गेली. याच शर्यतीत कांस्य मिळवलं भारताने, आणि त्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन मराठी नावं होती. रिंकवर शिकवण्यासारखे धडे यात दोन आहेत: रेषा ओलांडेपर्यंत शर्यत संपत नाही, आणि हरतोय असं वाटलं तरी पाय ढिला सोडायचा नाही. जुंगने नंतर जाहीर माफी मागितली, हा तिसरा.

सुरक्षिततेचा एक भाग असा आहे की त्याबद्दल क्लबात कोणी मोठ्याने बोलत नाही. स्केटिंग शिकवताना सरांना मुलाचा हात धरावा लागतो, कंबर सरळ करावी लागते, पाय वळवून दाखवावा लागतो. ते खेळाचंच काम आहे. पण बदलापुरात ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची बातमी आल्यावर माणसं रुळांवर उतरली, ते आपल्याच लाइनवर घडलं. तेव्हा संताप पुष्कळ झाला, आता नियम हवेत. हात लावण्याआधी ‘कंबर धरतोय’ असं सांगायचं. शिकवणं उघड्यावर, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. निरोप पालकांच्या ग्रुपवर, मुलीच्या मोबाइलवर नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला एकटं मूल एकट्या प्रशिक्षकाबरोबर जायचं नाही. चांगल्या प्रशिक्षकाला या नियमांचा राग येत नाही. ते त्याचंही रक्षण करतात. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार असा प्रकार माहीत असूनही न कळवणं हाही गुन्हा आहे, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक हेल्मेटच्या किमतीइतकाच पाठ असायला हवा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘स्केटिंग बॅच सुरू’ असे फलक स्टेशनबाहेर आणि सोसायट्यांच्या गेटवर लागतात. पालक आधी विचारतात बुटांचा ब्रँड, मग मेडलं किती, मग दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील का. विचारावं, त्यात काही गैर नाही. पण फी भरण्याआधी एक संध्याकाळ नुसतं कट्ट्यावर उभं राहावं. फरशी झाडली जाते का, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, पडलेल्या मुलाला कोणी हसतं का, हे पाहावं. आणि सगळ्यात वेगवान मुलगा सगळ्यात नवख्या मुलीजवळून जाताना काय करतो, तेही. त्याने कोणी न सांगता वेग कमी केला, तर खुशाल पैसे भरा. शिट्टी वाजेपर्यंत तो तसाच सुसाट राहिला, तर भिंतीवर कितीही मेडलं लटकत असोत, पुढचा क्लब बघा.