गल्ल्यातून जाणारा धूर

अकोल्याच्या ताजनापेठेतील काय किंवा अमरावतीच्या इतवारा बाजारातील काय, आपला दुकानदार पैशापैशाचा हिशेब ठेवतो. सुतळी, पिशव्या, हमालाचा चहा, सारे वहीत उतरते. विडी-सिगारेटचा पैसा मात्र गल्ल्यातून थेट टपरीवर जातो. त्याची नोंद ना दुकानखर्चात, ना घरखर्चात. आम्हीही अनेक वर्षे हेच केले, म्हणून लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

रोजचे १०० रुपये धरा. वर्षाचे ३६,५०० झाले, दहा वर्षांचे ३,६५,०००. एवढ्यात शिलाई मशिनी किती येतील, हे शिंपी बांधवांनीच सांगावे. शिवाय वेळ. दिवसातून दहा वेळा सात-सात मिनिटे बाहेर गेलो की तासाहून अधिक गेला, आणि गिऱ्हाईक नेमके तेव्हाच येऊन परत फिरते. आयुर्विमा कंपन्याही ओढणाऱ्याकडून हप्ता जास्त घेतात. कापूस पिंजणाऱ्या, गाद्या भरणाऱ्या कारागिरांना ठिणगीचे आम्ही काय सांगावे! आणि दुकानात काम शिकायला बसलेला पोरगा न ओढताही तो धूर गिळतो, ते कोणाच्या खात्यावर मांडायचे?

"सुटतच नाही" म्हणणारे बांधव रमजानमध्ये बारा-चौदा तास विडीला हात लावत नाहीत. डॉक्टर सांगतात की ओढणे थांबवल्यावर सुमारे १२ तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरून नेहमीच्या पातळीवर येतो. म्हणजे इफ्तारच्या वेळी रक्त बऱ्यापैकी साफ झालेले असते. मग खजूर, पाणी, आणि पाच मिनिटांत टपरी! दिवसभराची कमाई संध्याकाळी उधळली.

सोडताना पहिले तीन दिवस वाईट जातात. डोके दुखते, झोप उडते, चिडचिड होते. आम्ही तर त्या दिवसांत दोन जुनी गिऱ्हाइके भांडून घालवली. तीन-चार आठवड्यांत शरीराची ओढ बरीच ओसरते. थोडे वजन वाढते, ते वाढू द्यावे. वर्षभरात ओढणाऱ्याच्या मानाने हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचाही.

वऱ्हाडात मात्र एक फसवणूक फार चालते. विडी सोडली म्हणून खर्रा धरला जातो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर बिनधुराची तंबाखू खाणारे २४.४ टक्के आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा घोटणारे हात थांबलेले नाहीत. सुपारीने जबडा आखडतो, तोंड उघडेनासे होते, आणि तंबाखू तोंडाच्या कर्करोगाला बोलावते. एका सावकाराचे देणे दुसऱ्याकडून काढून फेडण्यातला हा प्रकार.

एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन लावावा, पैसे पडत नाहीत. आम्ही गल्ल्याशेजारी एक पत्र्याचा डबा ठेवला आणि टपरीचे पैसे रोज त्यात टाकले. दुकानाचे गंजलेले शटर त्यातूनच बदलले.