सहकाऱ्यास ईमेल लिहिताना

चांदनीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या बुऱ्हाणपूरच्या एका कार्यालयात नव्याने लागल्या आहेत. महिन्याच्या विवरणासाठी शेजारच्या विभागातील एका सहकाऱ्याकडून त्यांना काही आकडे हवे होते. त्यांनी ईमेल लिहिली, आणि साहेबांच्याही कानावर असावे म्हणून त्यांना प्रत लावली. मजकूर एका ओळीचा, ‘तुम दो दिन में आँकड़े भेजो.’ आकडे दुसऱ्याच दिवशी आले. मात्र तेव्हापासून तो सहकारी, जो वयाने त्यांच्याहून पुष्कळ वडील आहे, त्यांच्याशी कामापुरता एक शब्द बोलतो आणि मान फिरवितो. ‘ओळ तर साधीच होती, मग यात बिघडले काय?’ असे त्या विचारतात.

आमच्या मते दोन गोष्टी बिघडल्या. एक प्रतीची, दुसरी भाषेची.

प्रतीविषयी लिहावयाचे तर चांदनीसारखे ठिकाण नाही. चांदनी स्टेशन सोडले की गाडी नेपानगरला येते, आणि नेपानगर हे कागदाचे गाव. सलईचे लाकूड आणि बांबू यांपासून वृत्तपत्री कागद काढणारा देशातील पहिला कारखाना येथे उभा राहिला. १९५५ साली उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी थांबलेली यंत्रे २०२२ मध्ये पुन्हा फिरू लागली. त्या कागदाच्या राज्यात टंकलेखन यंत्रावर ज्यांनी दिवस काढले, त्यांना प्रतीची किंमत ठाऊक होती. दोन कागदांमध्ये एक कार्बन, असे चार-पाच थर रुळावर चढवायचे. शेवटची प्रत पुसट उमटणार, आणि एक अक्षर चुकले की प्रत्येक थरावर खोडायचे. म्हणून प्रत ज्याला खरोखर हवी त्यालाच जात असे. ईमेलच्या माथ्यावर जी ‘सीसी’ अक्षरे दिसतात ती याच कार्बन कॉपीची. कार्बन गेला, श्रम गेले, अक्षरे तेवढी राहिली. आणि श्रम गेल्याबरोबर विचारही गेला. आता एका बोटाच्या हालचालीने दहा जणांना प्रत जाते.

वरिष्ठास लावलेली प्रत कधीच नुसती माहिती नसते. ती वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की माझ्याविषयी तक्रार केली काय? दोनदा मागूनही उत्तर आले नसते आणि मुदत टळत असती, तर ती प्रत रास्त ठरली असती. तीही मजकुरात ‘साहेबांच्या माहितीसाठी प्रत देत आहे’ असे उघड सांगून. पहिल्याच मागणीला साहेब साक्षीस आणले म्हणजे सहकाऱ्याने काम टाळणार हे गृहीत धरले, असा त्याचा अर्थ होतो. गुप्त प्रतीचे तर नावच नको. जुन्या सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रतिलिपि सूचनार्थ’ म्हणून सगळी नावे मांडलेली असत. पत्र आणखी कोण वाचणार हे मूळ धन्याला दिसत असे. सहकाऱ्यास लिहिलेले पत्र त्याच्या पाठीमागून तिसऱ्याला दाखवावे, ही गोष्ट सभ्य घरात शोभत नाही ती कार्यालयात तरी कशी शोभावी?

आलेल्या ईमेलला सर्वांना एकदम उत्तर देण्याची जी सोय आहे, तिच्याविषयी एकच उदाहरण पुरे. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी ब्रिटनच्या आरोग्यसेवेत एक चाचणीचा संदेश चुकून आठ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना गेला. पुष्कळांनी ‘माझे नाव या यादीतून काढा’ असे उत्तर दिले, आणि दिले तेही सर्वांना! त्या लोंढ्याने सगळी टपालयंत्रणा मंदावली.

आता भाषेकडे येऊ. आपण महाराष्ट्राबाहेरची मंडळी घरी मराठीत विचार करतो आणि कचेरीत हिंदीत लिहितो; तेथे एक खड्डा आहे, त्यात भलेभले पाय घालतात. मराठीतील ‘तुम्ही’ आदरार्थी आहे. सासऱ्यांना, गुरुजींना, अनोळखी गृहस्थांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो. हिंदीतील ‘तुम’ दिसायला त्याचाच भाऊ, पण तो बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसासाठी. वडीलधाऱ्यास ‘आप’च हवे. ‘पाठवा’ यात मराठी कानाला मान ऐकू येतो; ‘भेजो’ यात हिंदी कानाला हुकूम ऐकू येतो. आमच्या भगिनींनी मनात ‘तुम्ही आकडे पाठवा’ असे अदबीने म्हटले असणार, उतरले मात्र ‘तुम भेजो’. तोंडी बोलताना चेहऱ्यावरचे हसू हे सावरून घेते; ईमेलला चेहरा नसतो.

शब्दांचेही तसेच. मराठीत एखाद्या गोष्टीला आपली ‘हरकत’ असते. हिंदीत ‘हरकत’ म्हणजे गैरवर्तन. हिंदी सहकारी ‘मुझे आपत्ति है’ लिहितो तेव्हा त्याच्यावर संकट कोसळलेले नसते, त्याची हरकत असते. आपला ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी सोडणे. तिकडे राज़ीनामा म्हणजे समेटाचा लेख, नोकरी सोडण्याला इस्तीफ़ा किंवा त्यागपत्र. वैतागाच्या दिवशी लिहिताना हे विशेष ध्यानात ठेवावे. आणि दोघेही मराठी असले म्हणून सुटका होते असे नाही. ‘आपण ठरविल्याप्रमाणे’ याचा अर्थ ‘आपण दोघांनी’ असाही होतो आणि आदराने ‘तुम्ही’ असाही. काम बिघडले की नेमका याच शब्दावरून वाद होतो. तेथे ‘मी आणि तुम्ही सोमवारी ठरविल्याप्रमाणे’ असे लिहिले तर तीन शब्द जास्त जातात, पण वाद उरत नाही.

मग लिहावे कसे? केंद्र सरकारच्या कार्यालयीन पद्धतीत याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. ज्ञापन तृतीय पुरुषात असते. त्याला मायना नाही, शेवटी ‘आपला’ नाही. अर्धशासकीय पत्र मात्र प्रथम पुरुषात, नावाने संबोधून लिहितात, आणि अधिकाऱ्याने जातीने लक्ष घालावे अशी इच्छा असेल तेव्हाही पाठवितात. सहकाऱ्याची ईमेल या दुसऱ्या जातीची आहे. जुन्या मराठी पत्रांतही हाताखालच्याला आज्ञा जाई आणि बरोबरीच्याला नमस्कार व विनंती. म्हणून नाव, नमस्कार, आणि पुढे विनंतीच्या सुरात नेमके काम. भगिनींची ईमेल आम्ही अशी लिहिली असती:

‘आदरणीय अमुकजी, नमस्कार. विवरण गुरुवारी जबलपूरला जाना है. आपके विभाग के जून के आँकड़े मंगलवार दोपहर तक मिल सकें तो मिलान का समय मिल जाएगा. यदि कठिनाई हो तो आज बता दीजिए, मैं तारीख बढ़वाने की बात कर लूँगी.’

विषयाच्या जागी ‘जून के आँकड़े, मंगलवार तक’ एवढे पुरे. ‘आवश्यक’ किंवा ‘अर्जंट’ हे शब्द विषय नव्हेत. मुदतीचे कारण सांगितले की मागणीचा हुकूम होत नाही, आणि अडचण असल्यास काय करावे हेही सांगितले की समोरच्याला नकार देण्याची लाज वाटत नाही. साहेब या मजकुरात कोठेच नाहीत, हे वाचकांनी पाहिलेच असेल.

भगिनींना आमचे सांगणे असे, की झाल्या गोष्टीचा खुलासा ईमेलने करू नये. त्यांच्या टेबलापाशी जावे आणि ‘आमच्या भाषेत तुम्ही म्हणजे आप’ हे हसत सांगावे. निमाडातल्या माणसाला ते समजावयास वेळ लागणार नाही.

आणखी एक गोष्ट मात्र लेखीच सांभाळावी लागते. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा उमटवीत. येथे मजकूर संपला, यापुढे कोणी अक्षर घालू नये, असा तिचा अर्थ. ईमेलला अशी मुद्रा नाही. उत्तराला उत्तर जोडले जाते, खाली मागच्या सगळ्या ओळींची शेपटी लोंबत राहते, आणि मंगळवारी एकाविषयी लिहिलेला उणा शब्द शुक्रवारी त्याच्याच पुढ्यात जातो. सरकारी कचेरीत तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने ‘माहिती’च्या व्याख्येत ईमेलचा नाव घेऊन समावेश केला आहे, म्हणजे अगदी परका माणूसही ती मागू शकतो. तेव्हा पुढे पाठविण्यापूर्वी तळापर्यंत वाचावे, नको ते काढावे, आणि विषय बदलला असेल तर जुन्या पत्रालाच उत्तर न देता नवे पत्र उघडावे.