फरिश्त्यांची फी

ज्याच्याकडे भांडवल मागायला जायचं त्यालाच आधी पैसे मोजायचे, हा कुठला व्यवहार? मी धंदेवाला नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो, बीएड झालेला मास्तर आहे, महिन्याच्या पगारावर घर चालतं. पण सावकाराच्या ओटीवर कर्ज मागायला गेलेल्या माणसालासुद्धा ‘माझ्या कानाचं भाडं आधी ठेव’ असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आज ते म्हटलं जातंय, आणि तेही एंजल म्हणजे फरिश्ता अशी पाटी लावून.

हा शब्द आला कुठून ते पाहा. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक उभं करायला जे धनिक पैसे लावायचे त्यांना तिथले लोक एंजल म्हणत. नाटक चाललं तर पैसा परत आणि वर नफा. पडलं तर पैसा गेला. 1978 मध्ये न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या विल्यम वेट्झेल या प्राध्यापकांनी नव्या कंपन्यांना स्वतःच्या खिशातून पैसा देणाऱ्यांचा अभ्यास केला आणि तोच शब्द त्यांना लावला. म्हणजे नावातच बुडण्याची तयारी आहे. आपल्याकडे इंडियन एंजल नेटवर्क आणि मुंबई एंजल्स हे गट 2006 मध्ये उभे राहिले, पुढे असे आणखी बरेच आले. पद्धत साधारण सारखी असते. काही पैसेवाले सभासद होतात, अर्ज मागवतात, चाळणी लावतात, निवडक लोकांना दहा-पंधरा मिनिटं बोलू देतात. ज्याला पटलं तो पैसे लावतो आणि बदल्यात कंपनीचे शेअर घेतो. यात वावगं काही नाही. उलट ज्या पोराकडे गहाण ठेवायला घर नाही, ज्याला बँक दारात उभी करत नाही, त्याच्यासाठी ही चांगली सोय आहे. माझं भांडण या सोयीच्या दारात बसलेल्या तिकीटवाल्यांशी आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, मालेगावचा. डिप्लोमा झालेला, वडिलांचे आठ यंत्रमाग. साध्या मागाला लावायचं एक छोटं यंत्र त्याने तयार केलं. माग किती वेळ चालला, किती वेळा थांबला, किती मीटर कापड निघालं, सगळं मोबाइलवर दिसतं. रात्रपाळीत माग का थांबले यावरून मालक आणि कामगार यांच्यात रोज वाजतं. दोघांच्याही हातात हिशेब येईल असं ते यंत्र. घरच्या आठ मागांवर ते सहा महिने बिनतक्रार चाललं. पुढची दोनशे यंत्रं बनवायला आणि दोन माणसं ठेवायला पंचवीस लाख हवे होते. त्याने एका गटाकडे विचारणा केली. उत्तर आलं: छाननीचे पस्तीस हजार, अधिक जीएसटी. निवड झाली तर सादरीकरणाचे आणखी पंचाहत्तर हजार. पैसे उभे राहिले तर त्यातले तीन टक्के वेगळे.

त्याचा मला फोन आला तो अर्जासाठी. “सर, इंग्लिश जरा देख दो.” उर्दू-मराठीच्या मास्तराकडे इंग्रजी तपासायला आलेला हा पोरगा पस्तीस हजार भरायला निघाला होता, आणि ते पैसे सर्किट बोर्डांसाठी बाजूला काढलेले होते.

मी त्याला म्हटलं, पैसे भरण्याआधी तीन प्रश्न पाठव. गेल्या वर्षी किती जणांकडून फी घेतली? त्यांतल्या किती जणांना खरोखर भांडवल मिळालं? आणि समोर जे सभासद बसणार आहेत त्यांतल्या किती जणांनी गेल्या वर्षभरात एक तरी चेक फाडला? उत्तर आलं नाही. सवलत आली. रविवारपर्यंत भरले तर वीस टक्के कमी. कोट्यवधी रुपये लावायला बसलोय असं सांगणाऱ्याला सात हजारांची सूट देऊन गिऱ्हाईक पकडावं लागत असेल, तर त्याची कमाई कशावर चालते हे ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही.

फीची बाजू घेणारे काय सांगतात तेही ऐकून घेतलं. म्हणे, फी ठेवली की हौशे-नवशे-गवशे गळतात. गळतात कोण? ज्यांच्या खिशात पैसे नाहीत ते. कल्पना फालतू पण बाप पैसेवाला, तो आरामात आत जातो. दुसरं कारण खर्चाचं: ऑफिस, माणसं, हॉलचं भाडं. असेल खर्च. मग सभासदांकडून वर्गणी घ्या. सेबीने 2025 मध्ये नोंदणीकृत एंजल फंडांसाठी गुंतवणूकदार ‘मान्यताप्राप्त’ असण्याची अट घातली. एकट्या माणसाला ती मान्यता मिळते ती वर्षाला दोन कोटींचं उत्पन्न असेल तर, किंवा साडेसात कोटींची मालमत्ता असेल आणि त्यातली निम्मी तरी शेअर-ठेवींसारखी असेल तर. उत्पन्न आणि मालमत्ता मिळूनही एक निकष आहे, तोही कोटींतलाच. सगळेच गट या नियमाखाली येत नाहीत, पण या खेळात बसणारा माणूस कोणत्या ऐपतीचा असतो याचा अंदाज यावरून येतो. त्याच्या चहा-बिस्किटांचा खर्च मालेगावच्या पोराने का उचलायचा?

तिसरं कारण मार्गदर्शनाचं. मग त्याला क्लास म्हणा. मी शिक्षक आहे, शिकवण्याचे पैसे घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण क्लासच्या दारावर भांडवलाची पाटी लावू नका.

आम्हा बीएडवाल्यांना हे गणित तोंडपाठ आहे. संस्थेत शिक्षकाची जागा निघते, मुलाखत होते आणि नेमणुकीआधी ‘इमारत निधी’चा आकडा कानात सांगितला जातो. (सगळ्या संस्था अशा नसतात, ज्या असतात त्या सगळ्यांना माहीत असतात.) पगार देणार सरकार, जागा विकणार संस्थाचालक. मग चांगला शिकवणारा नेमला जात नाही, आकडा पेलणारा नेमला जातो. फीवर जगणाऱ्या गटाचंही तसंच होतं. चांगली कंपनी शोधायची त्याला गरजच उरत नाही, अर्ज भरपूर आले की भागतं. पुढे धंदा बुडाला तरी त्याचे पस्तीस हजार सुखरूप.

हा वाद आपल्याकडचाच आहे असंही नाही. अमेरिकेत 2009 मध्ये जेसन कॅलकॅनिस या उद्योजकाने पैसे घेऊन ऐकणाऱ्या एंजल गटांवर जाहीर तोफ डागली, आणि नवउद्योजकांकडून एक पैसाही न घेणारा ओपन एंजल फोरम सुरू केला. पुढे हाच माणूस ऊबरचा सुरुवातीचा गुंतवणूकदार म्हणून नावाजला गेला. म्हणजे फुकट ऐकून त्याचं काही नुकसान झालेलं दिसत नाही.

आता थोडं घरचं. उर्दूत मुजारबत म्हणतात असा एक करार आहे. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. नफा झाला तर ठरलेल्या वाट्याने दोघांचा. तोटा झाला आणि राबणाऱ्याने हलगर्जी केलेली नसेल, तर रक्कम पैसेवाल्याची बुडते, राबणाऱ्याची मेहनत बुडते. हजरत खदीजा यांचा माल घेऊन पैगंबर शामला, म्हणजे आजच्या सीरियाकडे, व्यापाराला गेले ही गोष्ट आमच्या घरोघरी सांगितली जाते. ऐकून घेण्याची फी तिच्यात कुठे येत नाही. ही काही फक्त मुसलमानांची मिरास नाही. बटाईने शेत देणारा शेतकरीही पाऊस पडला नाही तर आपला वाटा गेला हे धरूनच चालतो. आणि शब्दांचंच म्हणाल तर नफा, रक्कम, हिशेब, जमा, वसूल, दलाल हे सगळे अरबीतून मराठीत आले. तोटा तेवढा इथला आहे, आणि नेमका तोच कुणाला नको.

आमच्या लोकांनी यावर लगेच मान डोलावू नये. हा पोरगा त्या गटाकडे जाण्याआधी आमच्याच शेठ लोकांच्या दारात जाऊन आला होता. बँकेच्या व्याजाला हात न लावणारी माणसं. पहिला प्रश्न: “महीने का कितना दोगे?” दर महिन्याला ठरलेली रक्कम आणि मुद्दल कायम, त्याला ते मुनाफा म्हणतात. नाव बदललं की माल बदलतो का? बेंगळुरूच्या आयएमएने दरमहा ‘हलाल’ मुनाफ्याच्या नावावर हजारो मुस्लिम कुटुंबांचा पैसा गोळा केला आणि जून 2019 मध्ये ते सगळं कोसळलं. तिथे पैसा ठेवताना ताळेबंद मागणारे मोजकेच होते. इथे आठ मागांवर चालू असलेलं यंत्र डोळ्यांनी बघता येतं, तर “रिस्क है बेटा”. अहो, रिस्क आहे म्हणूनच वाटा देतोय ना तो!

फी घेणारा फरिश्ता आणि महिना मागणारा शेठ, दोघांनाही तोट्यातला हिस्सा नको आहे. ज्याला तो नको त्याने खुशाल तिकीटं विकावीत किंवा सावकारी करावी, पण स्वतःला भागीदार म्हणवून घेऊ नये.

वाट बंद आहे असं नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 प्रमाणे खासगी कंपनीला नावानिशी निवडलेल्या लोकांना, वर्षाला दोनशे जणांपर्यंत, शेअर देऊ करता येतात. पैसे बँकेतूनच यावे लागतात, रोख चालत नाही. साठ दिवसांत शेअर द्यायचे, नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत रक्कम परत. शेअरच्या भावाला मूल्यांकनाचा दाखला लागतो. भाव जास्त लावला म्हणून कंपनीवर बसणारा ‘एंजल टॅक्स’ 2012 साली आला होता, तो 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. पंचवीस लाख म्हणजे सव्वा-सव्वा लाखाचे वीस जण. लग्नाच्या एका जेवणावर याहून जास्त उडवणारी वीस माणसं मालेगावात शोधायला अर्धा दिवस पुरेल.

आम्ही शोध सुरू केला आहे. प्रत्येकाला पहिल्याच वाक्यात सांगतो की पैसे बुडू शकतात. आजवर सात जणांनी होकार दिलाय, त्यांतले चार स्वतः मागवाले आहेत. शेअरची जाहिरात कायद्याने करता येत नाही, म्हणून कंपनीचं नाव इथे देत नाही. यंत्र मात्र कुणालाही दाखवता येतं. शुक्रवारी कारखाने बंद असतात, तो दिवस सोडून या.